गावच्या झाडपाल्याची डोळ्याच्या जंतूंवर टेस्ट: व्हायला पाहिजे की नाही?

वणीकर_मास्तर
ओळखीतल्या एका एमएस्सीच्या पोरीनं प्रोजेक्टला दारुहळद, तुळस अन् कडुनिंबाचा अर्क स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूवर प्लेटमध्ये लावून पाहिला. दारुहळदीच्या डिस्कभोवती, म्हणजे अर्कात भिजवलेल्या कागदाच्या चकतीभोवती, जंतू वाढलेच नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. फोटो गावच्या ग्रुपवर गेला अन् दोन पार्ट्या पडल्या. माझं म्हणणं, अशा टेस्ट झाल्याच पाहिजेत. दारुहळदीतल्या बर्बेरीनचे थेंब १९८० च्या दशकात आपल्याच देशात खुपऱ्यांवर सल्फासेटामाइड या जंतुनाशक औषधासोबत ताडून पाहिले होते, मग म्हाताऱ्यांचं ज्ञान अडाणी कसं?

लॅबवाली_ताई
सर, प्लेटवर गोल डेटॉलनंही येतो, ते कोणी डोळ्यात टाकतं का? आणि अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर नुसत्या अल्कोहोलची डिस्क शेजारी ठेवली होती का ते विचारा, नाहीतर जंतू पाल्यानं थांबले की अल्कोहोलनं ते कसं कळणार? गावात पाला पाण्यात वाटतात, म्हणजे टेस्ट एका वस्तूची झाली आणि डोळ्यात जाणार दुसरीच. वर ते निर्जंतुक नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या, फॅक्टरीत बनलेल्या थेंबांत स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला, १४ जणांची नजर गेली, ४ जणांचे डोळे काढावे लागले. मग वाटीतल्या रसाचा काय भरोसा?

पऱ्हाटीवाला
ताई तुमचं बराबर असन, पन आमच्या इकडं डोयाचा डॉक्टर कोठी हाय? जाऊन येवाले आख्खा दिवस जाते, मजुरी बुडते ते येगळी. २०२३ च्या पावसायात साथ आली तवा त्रिफळ्याच्या पान्यानं धुतले न पाच-सात दिवसात सारे बरे झाले. मंग गुन नाई म्हनाव काय?

लॅबवाली_ताई
भाऊ, ती साथ बहुतेक व्हायरसची होती, काही न टाकताही आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. त्रिफळ्याला श्रेय कसं देणार?

धुऱ्यावरून
मी मास्तरांच्या विरोधात. मामाच्या डोळ्यात तूर सोंगताना काडी लागली. कोणीतरी पाल्याचा रस पिळला, दोन दिवस थंड वाटलं म्हणून कोणी हललं नाही, मग बुबुळावर पांढरा ठिपका आला अन् फूल पडलं ते कायमचं. असल्या जखमेत बुरशी वाढते, फ्युजॅरियम नाहीतर अॅस्परजिलस, तिथं जंतूंच्या प्लेटवरचा गोल काय कामाचा? असे फोटो फिरवले की लोक अजून उशीर करतात, माझा राग त्यावर आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ आतून खराब होतं, तोही झाडाचाच ना!

वणीकर_मास्तर
मामांचं वाचून वाईट वाटलं, फोटो ग्रुपवरून काढायला लावतो. पण म्हणून तपासणीच बंद करायची हे मला पटत नाही, लोक तसंही टाकणारच आहेत. बुरशीवर लावा, पाण्यातला काढा लावा, अन् डोळ्याच्या पेशींना इजा करतं का तेही बघा. घातक निघालं तर तेही गावाला कळेल.

लॅबवाली_ताई
एवढं होणार असेल तर माझा विरोध नाही. तिला म्हणावं, किती कमी मात्रेत जंतू थांबतात तेही काढ, नुसता गोल मोजू नको.

पऱ्हाटीवाला
करा टेस्ट, पन पाला कोनता न कवा तोडाचा ते आमच्या बुढीले इचारून न्या. न तवरीक डोये आले त काय कराव?

लॅबवाली_ताई
उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून चिपडं पुसा, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा काडी-कुसळ लागलं असेल तर त्याच दिवशी जिल्ह्याला निघा भाऊ, मजुरी बुडाली तरी. आणि मेडिकलमधून मनानं स्टिरॉइडचे थेंब आणू नका, बुरशी असेल तर ती त्यानं भडकते.