जपानमधल्या शाळेत शिकवते, दारू आणि मांस-मासे दोन्ही नाही. बोनेनकाईला जावं का?

साताऱ्याची_सेन्सेई

नमस्कार मंडळी. ऑगस्टपासून ओकायामा प्रांतातल्या एका लहान गावात माध्यमिक शाळेत एएलटी आहे, म्हणजे इंग्रजीची सहायक शिक्षिका. वर्गात मी खूश आहे, मुलं फार गोड आहेत. अडचण वर्ग सुटल्यावरची आहे.

काल शिक्षकांच्या खोलीत एक कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. १९ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा, बोनेनकाई (वर्षअखेरची पार्टी), वर्गणी ५,००० येन. प्रत्येकाच्या नावापुढे गोल किंवा फुली करायची. माझ्याआधीच्या सगळ्यांनी गोल केला होता. मी कागद तसाच ड्रॉवरमध्ये ठेवलाय. उद्या परत द्यायलाच हवा.

मी मांस-मासे खात नाही, दारू घेत नाही. दुपारी सगळा वर्ग शाळेचं जेवण जेवतो तेव्हा मी घरचा डबा उघडते, त्याची आता सवय झाली. पण पार्टीत दोन तास मी काय करणार? आई म्हणते, तब्येतीचं कारण सांग आणि जाऊ नकोस. न गेले तर वाईट दिसेल का? गेले तर ५,००० येन देऊन नुसता चहा पीत बसायचं का?

आणि शनिवार-रविवारी तुम्ही काय करता? शुक्रवारी संध्याकाळी "ओसाकी नी शित्सुरेई शिमासु" (तुमच्याआधी निघते, माफ करा) म्हणून निघते, ते सोमवारी सकाळपर्यंत आईच्या फोनशिवाय कोणाशी एक वाक्यही बोललेली नसते.

निशिकासाईकर

ताई, आधी धीर धरा, पहिला हिवाळा सगळ्यांनाच जड जातो. आमच्याकडे तोक्योत निशिकासाईला मराठी घरं पुष्कळ आहेत, गणपती-दिवाळी एकत्र होते, वाणसामानही मिळतं. ओकायामाहून शिनकान्सेनने सव्वातीन-साडेतीन तास लागतात आणि भाडंही बरंच आहे, त्यामुळे दर आठवड्याला या असं म्हणत नाही. पण नाताळानंतर शाळेला सुट्टी असेल तेव्हा चार दिवस नक्की या. पार्टीबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, आमचं ऑफिस अर्धं भारतीयच आहे.

पुण्याची_ओकायामाकर

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? मी ओकायामातच पाच वर्षं एएलटी होते. जेटचा (परदेशी शिक्षकांना बोलावणाऱ्या जपानी सरकारी योजनेचा) करार दर वर्षी वाढवतात आणि पाच वर्षांनंतर वाढवत नाहीत, तोवर राहिले आणि मग पुण्याला परतले.

गोल कर. उद्याच कर.

पहिल्या वर्षी मी फुली केली होती. स्वागताच्या पार्टीला फुली, शाळेच्या क्रीडादिनानंतरच्या पार्टीला फुली, बोनेनकाईला फुली. कारणं तुझीच. कोणी एका शब्दाने विचारलं नाही, मला वाटलं सुटले. मार्चमध्ये निरोपाच्या पार्टीला मात्र मी गेले, कारण माझ्या शेजारी बसणाऱ्या इंग्रजीच्या बाईंची बदली झाली होती. जपानमध्ये सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या बदल्या मार्चअखेर जाहीर होतात आणि १ एप्रिलला माणूस नव्या शाळेत हजर असतो. त्या रात्री जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि माझ्या शेजारी विज्ञानाचे एक सर आले. वर्षभरात "ओहायो गोझाइमासु" पलीकडे ते माझ्याशी बोलले नव्हते. मला ते तुसडे वाटायचे. त्यांनी पाकिटातून एक जुनं, घडी पडलेलं तिकीट काढलं. अजिंठ्याचं! कॉलेजात असताना ते एकटे औरंगाबादला आले होते, बसने अजिंठा आणि वेरूळ पाहिलं होतं. मी महाराष्ट्रातली आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इंग्रजी चुकेल म्हणून बोलायचं धाडस होत नव्हतं, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर तर नाहीच. आम्ही दोन तास मोडक्यातोडक्या जपानीत बोललो. त्यांचीही बदली झाली होती. १ एप्रिलला त्यांचं टेबल रिकामं होतं. त्या तीन फुल्यांचं मला आजही वाईट वाटतं.

आता खाण्याचं. पार्टीची व्यवस्था बघणाऱ्याला "कान्जी" म्हणतात (चिनी अक्षरांच्या कान्जीचा उच्चारही तोच, गोंधळू नकोस). कागद परत देताना त्यालाच सांग: "निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन." मांस आणि मासे खाऊ शकत नाही. पण एवढ्यावर थांबू नकोस. जपानी माणसाच्या मनात दाशी म्हणजे मासा नव्हे. सुकवलेल्या बोनितो माशाचं ते पाणी सूपमध्ये, भाजीत, तेंपुराच्या (जपानी भज्यांच्या) चटणीतही असतं. म्हणून "कात्सुओ-दाशी मो दामे देसु" हेही सांग. आठ दिवस आधी कळलं तर इझाकाया (पार्टी असते ते जपानी खाण्यापिण्याचं ठिकाण) तुझ्यापुरतं वेगळं ताट करतं. आयत्या वेळी सांगितलंस तर कान्जीच बिचारा माफी मागत बसतो. तरी अंदाज म्हणून: एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा), बटाट्याच्या काचऱ्या, भाज्यांचा तेंपुरा (चटणी नको, मीठ माग), उमेबोशीची ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा). थंड तोफूवर माशाचे पापुद्रे भुरभुरतात, ते घालू नका म्हणून सांगायचं. आणि निघताना घरून दोन पोळ्या खाऊनच जा.

दारूचं तर काहीच अवघड नाही. ऊलोंग चहा माग. मुख्याध्यापकांचं भाषण होऊन "कान्पाई" (चिअर्स) होईपर्यंत ओठाला पेला लावू नकोस, एवढंच पाळ. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजारच्याचा आपण भरायचा. बाटली घेऊन टेबलाटेबलावर ओतत फिरायची पद्धत आहे. बायकांनीच ते करावं अशी अपेक्षा दिसली तर मी करत नसे आणि कोणाला राग आलेला पाहिला नाही. शेवटी सगळे उभे राहून "इयो" म्हणून एकच टाळी वाजवतात. ती झाली की घरी जायला तू मोकळी.

शनिवार-रविवारसाठी गावाचं कोमिन्कान गाठ, म्हणजे सामाजिक केंद्र. सूचनाफलकावर वर्गांचे कागद असतात. मी शनिवारी सकाळी सुलेखनाला जायचे. अक्षर काही सुधारलं नाही, पण तिथल्या साठीच्या आज्यांनी मला स्वयंपाक शिकवायला लावलं. तिथली छोटी वांगी भरल्या वांग्यासाठी अगदी मऊसूत. हिंगाच्या वासाने आधी सगळ्या दचकल्या आणि पुढच्या वेळी मीच न्यायची विसरले तर "ती पावडर कुठंय" म्हणाल्या. उन्हाळ्यात त्या मला पांढरी पीच सोलून, फोडी करून द्यायच्या.

आणि एकदा कोराकुएनला जा. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे बाग याच बागेवरून केलेली आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासाने १६८७ मध्ये करायला घेतली आणि १७०० मध्ये पुरी झाली. आठवण आली की मी तिथे जाऊन बसायचे. पलीकडे नदी, नदीपार काळा किल्ला. करकोचे पाहून मग पुण्याला फोन लावायचे.

हँडलकीपर_शिमाने

वरच्या ताईंशी बरंचसं सहमत, पण प्रत्येक पार्टीला जायलाच हवं असं नाही. मी वर्षातून तीन धरतो: स्वागत, बोनेनकाई, निरोप. दुसऱ्या फेरीला, म्हणजे निजिकाईला, जात नाही. कराओकेत रात्रीचा एक वाजतो.

एक गोष्ट सांगतो. खेड्यात दारू न पिणाऱ्या माणसाची फार किंमत असते. २००७ पासून पिऊन चालवणाराच नव्हे, तर त्याला दारू देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाराही कायद्यात अडकतो. म्हणून न पिणारा "हान्दोरु-कीपा" होतो आणि बाकीच्यांना घरी सोडतो. माझ्या खऱ्या गप्पा त्या गाडीतच झाल्या. गाडी चालवत असाल तर भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरच चालतो, तेवढं लक्षात ठेवा.

साताऱ्याची_सेन्सेई

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या ताई, अजिंठ्याच्या तिकिटाचं आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, जा.

आज सकाळी गोल करून कागद दिला. कान्जी म्हणजे आमचे गणिताचे सर. मी ती दोन्ही वाक्यं पाठ करून म्हटली. त्यांनी वहीत लिहून घेतली आणि दुपारी इझाकायाला फोन लावून मला येऊन सांगितलं की शिताके (मशरूम) आणि कोन्बूच्या (समुद्री शेवाळाच्या) दाशीत भाज्या शिजवून देतील. पाच महिन्यांत त्यांच्याशी झालेलं हे माझं सगळ्यात मोठं बोलणं.

अजून एक विचारायचं राहिलं. आई संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवणार आहे, त्या शिक्षकांच्या खोलीत वाटायच्या आहेत. इथे प्रत्येक वडी वेगळी गुंडाळलेली लागते हे पाहिलंय, तसं आईला सांगते. पण त्यात शेंगदाण्याचं कूट असतं. सोबत चिठ्ठीवर "गोमा" आणि "राक्कासेई" असं दोन्ही लिहिलं की पुरे, की शेंगदाणे घालूच नकोस म्हणून सांगू?

पुण्याची_ओकायामाकर

दोन्ही लिही, ठळक अक्षरांत. शेंगदाण्याची ॲलर्जी तिथे फार गांभीर्याने घेतात. आणि मुलांना वाटू नकोस, फक्त शिक्षकांना. कूट राहू दे, त्याशिवाय वडीला चव नाही.