मदत हवी आहे: ‘दुसऱ्या’मधला ऱ्या रेगेक्सने (नमुना देऊन शोधायच्या-बदलायच्या पद्धतीने) सगळीकडे एकसारखा कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या दिवाळी अंकाचं काम चालू आहे. लेख वेगवेगळ्या कीबोर्डवर टंकून आलेत, पण सगळे युनिकोडमध्येच. ते एका फाइलमध्ये घेऊन नोटपॅड प्लस प्लस या मजकूर-संपादकात शोधलं, तर ‘दुसऱ्या’ काही लेखांत सापडतं, काहींत नाही. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. अक्षरं सुटी करून पाहिली तेव्हा तीन प्रकार निघाले. कुणी र, हलन्त, मग शून्य रुंदीचा अदृश्य जोडक आणि य असं टंकलंय. कुणी सरळ नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त, य. आणि एका लेखात साधा र, त्याला सुटा नुक्ता, मग हलन्त.

मला सगळीकडे दुसरा प्रकार हवाय. जोडक सरसकट उडवला तर ‘दुसर्या’ होतं, य वर रफार चढतो. आणि सगळेच ‘र्य’ बदलले तर ‘आचार्यांना’चं ‘आचाऱ्यांना’ होऊन गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी येतील. हे अजिबात चालणार नाही.

शिवाय शब्दसूचीसाठी [अ-ह]+ (म्हणजे अ ते ह मधली लागोपाठची अक्षरं) वापरलं की ‘दुसऱ्या’चे ‘द’, ‘सऱ’, ‘य’ असे तुकडे पडतात. काय करावं?

प्रतिसाद:

आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. सर्च मोड ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ (म्हणजेच रेगेक्स) करून हे शोधा:

र(्‍|़्)(?=[यह])

आणि त्याजागी हे घाला:

ऱ्

पॅटर्न इथूनच कॉपी करा, हाताने टंकताना जोडक राहून जातो. पहिल्या कंसात दोन पर्याय आहेत: हलन्त आणि जोडक, किंवा नुक्ता आणि हलन्त. शेवटचा कंस पुढे य किंवा ह आहे ना एवढंच बघतो, ते अक्षर गिळत नाही, म्हणून य जागच्या जागी राहतो. ह घेतलाय तो वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा यांच्यासाठी. ‘आचार्य’मध्ये ना जोडक ना नुक्ता, त्यामुळे त्याला धक्का लागणार नाही.

तुकडे पडतात कारण युनिकोडच्या तक्त्यात काना-मात्रा, वेलांट्या आणि हलन्त ह च्या पुढे आहेत, अनुस्वार अ च्या आधी. त्याऐवजी हे वापरा:

[ँ-ॣॲ]+

ॲ मुद्दाम वेगळा लिहिलाय. तो तक्त्यात आकड्यांच्याही पलीकडे बसवलाय, त्यामुळे एरवी ‘ॲप’चा नुसता ‘प’ उरेल. दंड (।) आणि आकडे आपोआप बाहेर राहतात. मात्र वरचा बदल आधी करा, नाहीतर जोडकापाशी शब्द तुटेल.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार! दोन्ही चाललं, ‘आचार्यांना’ जसंच्या तसं आहे. एक राहिलं. दोन लेखांत ‘क्ष’ जोडाक्षर न होता ‘क्‍ष’ असा सुटा दिसतो, तिथेही जोडकच आहे. तो लेखकाने मुद्दाम घातलाय की कीबोर्डमुळे आलाय, हे लेखकाला न विचारता ओळखता येईल का?