जिमचा पहिला महिना आणि प्रोटीन-क्रिएटिनचे डबे: घ्यावेत की थांबावं?

लोखंडी_सपाटा
मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरी असो नाहीतर कळंबा, जिममध्ये नाव घातलं की आठवड्याभरात ट्रेनर दोन डबे दाखवतो. एक व्हे (दुधातलं) प्रोटीन, एक क्रिएटिन (स्नायूंचा जोर वाढवणारी पावडर). माझं मत स्पष्ट आहे: पहिले तीन महिने दोन्ही नकोत.

नवशिक्याची ताकद पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. स्नायू जवळपास तेवढेच असतात, त्यांना एकदम कामाला जुंपणं शरीराला जमायला लागतं. रिकाम्या २० किलोच्या बारवर स्क्वॉट सुरू केला आणि आठवड्यातून दोनदा अडीच-अडीच किलो चढवले, तर आठ आठवड्यांत ६० किलो होतात. हे डब्याशिवाय होतं. डबा चालू असला की श्रेय त्याला जातं, आणि पुढे वजन अडलं की पोरगा झोप, जेवण, फॉर्म तपासायच्या आधी दुसरा डबा शोधतो.

प्रोटीनचं गणितही घरात बसतं. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) सर्वसाधारण आकडा रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, वजन उचलणाऱ्याला १.६ धरा. ६५ किलोच्या माणसाला १०४ ग्रॅम. ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम (भाकरी) १५, भात ६, दोन वाट्या घट्ट उसळ १४, अर्धा लिटर दूध १८, तीन अंडी १९, कोरडे सोया चंक्स ४० ग्रॅम २०, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ५. झाले १०४. यात मटण-चिकन धरलेलंच नाही.

मीठ_मोजून
दोन डबे एकाच दाव्याला बांधलेत, तिथंच घोळ आहे. व्हे म्हणजे दुधातलं प्रोटीन, अन्नच. जेवणातून भागलं तर नको, इथवर सहमत. पण क्रिएटिन जेवणातून भागत नाही.

७० किलोच्या शरीरात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, बहुतेक सगळं स्नायूंत. रोज दोनेक ग्रॅम खर्च होतं, त्यातलं निम्मं शरीर स्वतः बनवतं. हे क्रिएटिन आठ-दहा सेकंदांच्या जोरकस कामात एटीपी (स्नायूंचं तातडीचं इंधन) पटकन भरून देतं. म्हणजे सलग आठ रेप्स (उचली) निघत होते तिथं नववा-दहावा निघतो, आणि स्नायू वाढतो तो त्या जादा कामामुळे. लाल मांसात किलोमागे ४-५ ग्रॅम सापडतं, त्यातलंही काही शिजवताना रश्श्यात उतरतं. रोज किलोभर मटण कोल्हापुरातसुद्धा कुणी खात नाही.

मात्रा: रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेट (क्रिएटिनचा साधा प्रकार), जिमच्या सुट्टीच्या दिवशीही. वेळ कुठलीही. लोडिंग, म्हणजे रोज २० ग्रॅम चार वेळा विभागून पाच-सात दिवस, केलं तर साठा लवकर भरतो. नाही केलं तर तीन-चार आठवडे लागतात, एवढाच फरक. २० ग्रॅम एका दमात घेतलं की पोट बिघडतं आणि बदनाम क्रिएटिन होतं. २५० ग्रॅमची डबी ५ ग्रॅमने ५० दिवस पुरते. एचसीएल, बफर्ड वगैरे महाग प्रकार मोनोहायड्रेटपेक्षा सरस ठरलेले नाहीत.

मग तीन महिने थांबायचं कशासाठी?

गंगावेशकर
काय लावलंय हे ग्रॅम-ग्रॅम! दूध कट्ट्यावर समोर पिळून मिळणारं म्हशीचं धारोष्ण दूध, बदामाची थंडाई, तूप, आठवड्याला मटण. एवढ्यावर तालमी उभ्या राहिल्या. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं तवा कुठला डबा होता व्हय? पोरांनी आधी पाचशे सपाटे (बैठका) मारावेत, मग पावडरीचं बोलावं.

मीठ_मोजून
दादा, खाशाबांच्या काळात क्रिएटिन डब्यात नव्हतं, मटणात होतंच. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसातूनच वेगळं काढलं, १८३२ साली.

खुराकाचं बोलायचं तर तो प्रोटीनपेक्षा उष्मांकाचा खुराक आहे. म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधात १८ ग्रॅम प्रोटीन, पण ३० ग्रॅमच्या वर फॅट आणि पाचशेच्या पुढे कॅलरी. बदामात १०० ग्रॅमला प्रोटीन २१ आणि फॅट ५०. सकाळ-संध्याकाळ जोर-सपाटे आणि मातीत लढत करणारा मल्ल ते जाळतो. दिवसभर खुर्चीत बसून तासभर जिमला जाणाऱ्याचं पोट तेवढं सुटतं. आणि धारोष्ण दूध न उकळता पिण्यात ब्रुसेलासारख्या जंतूंचा धोका आहे. उकळल्याने प्रोटीन कमी होत नाही.

गंगावेशकर
पोट सुटतंय ते दुधानं न्हाई, सपाटे न मारल्यानं. बाकी उकळायचं मान्य.

मेसचा_डबा
लोखंडीभाऊ, तुमच्या यादीतली ‘घट्ट उसळ’ मेसमध्ये दाखवा. मेसचं वरण म्हणजे वाटीला जेमतेम ३ ग्रॅम. खोलीवर गॅस नाही, फ्रीज नाही, घरमालकाला अंडं चालत नाही. अशा पोराचा दिवस ५५-६० ग्रॅमवर संपतो. तूट ४५ ची. एका मापातून २४ ग्रॅम मिळत असेल तर पहिल्या महिन्यात घेतलं काय अन् चौथ्या महिन्यात, हिशोब तोच.

फक्त भाव बघताना डब्याची किंमत बघू नका. किलोच्या डब्यात ३३ ग्रॅमची तीस मापं, मापाला २४ ग्रॅम, म्हणजे ७२० ग्रॅम प्रोटीन. किमतीला ७२० ने भागा. सोया चंक्सच्या किलोच्या भावाला ५२० ने भागा. मग ठरवा. मास गेनर (वजन वाढवायची पावडर) तर घेऊच नका. त्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे साखरेचाच भाऊ.

लोखंडी_सपाटा
मेसवाल्यांसाठी मुद्दा मान्य. तरी आधी भाजके चणे (१०० ग्रॅमला २० च्या आसपास) आणि दूध वाढवून बघा. सोया चंक्सना गॅस लागत नाही, किटलीतल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा पिळले की वास जातो. नुसते कोमट पाण्यात टाकले तर मधे कडक राहतात आणि पोटात गॅस धरतो.

माझी खरी भीती भेसळीची आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा नायट्रोजनवरून मोजतात, म्हणून ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवता येतो. लेबलवर अमिनो आम्लांचा तक्ता बघा. २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमागे ल्युसिन हे अमिनो आम्ल अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. फारच कमी असेल किंवा ग्लायसिन फुगलेलं दिसलं तर डबा परत ठेवा. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक हवाच. आणि जिममध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सुटी पावडर मिळते ती फुकट दिली तरी नको.

रक्त_लघवी_साखर
पॅथॉलॉजी लॅबच्या बाजूने दोन गोष्टी. क्रिएटिन घेणाऱ्याचं रक्तातलं क्रिएटिनिन (ज्यावरून किडनीचं काम तपासतात) थोडं वाढलेलं दिसू शकतं, कारण क्रिएटिनचं रूपांतर क्रिएटिनिनमध्येच होतं. रिपोर्टवर लाल आकडा दिसला की घरात रडारड. तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिनचं सांगा. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही चाचणी आहे, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. निरोगी माणसात ३-५ ग्रॅमने किडनी बिघडते असं आढळलेलं नाही. मात्र किडनीचा आजार, मधुमेह, बीपी असेल तर आधी तपासणी, मग डबा. अठराच्या आतल्या पोरांना देऊच नका.

केस गळण्याचा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच: तो आला दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बीपटूंवरच्या २००९ च्या एका छोट्या अभ्यासातून. त्यात केस गळण्याशी जोडलं जाणारं डीएचटी हार्मोन वाढलेलं दिसलं. केस कुणी मोजलेच नव्हते.

वजनगट_७४
मॅटवर कुस्ती लढणाऱ्यांचा विचार कुणीच केला नाही. क्रिएटिनने स्नायूत पाणी धरतं, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वजन एक-दोन किलोने वर जातं. जिमवाल्याला आरशात बरं वाटतं, पण ७४ किलो गटातला मल्ल ७५ वर गेला की वजन करतानाच बाहेर. स्पर्धा महिन्याच्या आत असेल तर सुरूच करू नका. बंद केल्यावर साठा मूळ पातळीला यायला चार ते सहा आठवडे लागतात, तो हिशोब आधीच धरा.

क्रिएटिन ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नाही. पण डब्यात न लिहिलेलं काही निघालं तर जबाबदारी खेळाडूचीच, ‘ट्रेनरने दिलं’ हे चालत नाही. बॅच तपासून प्रमाणित केलेला माल घ्या, डबा आणि पावती जपून ठेवा.

मेसचा_डबा
पावसाळ्यात क्रिएटिनचा दगड होतो. टाकून द्यायचं का?

मीठ_मोजून
नाही. आपल्याकडच्या जुलैच्या दमटपणात गुठळ्या होणारच. वास, रंग ठीक असेल तर फोडून वापरा, पण मग चमचा मोजमापाचा राहत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. ओला चमचा आत घालू नका, सिलिकाची पुडी काढू नका. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. लिंबूपाण्यात रात्रभर भिजवून ठेवू नका, आंबट द्रवात त्याचं हळूहळू क्रिएटिनिन होतं. व्हेचं उलट: शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर, नाहीतर तळाला लगदा बसतो. उकळत्या दुधात टाकलं तर फुटतं.

गंगावेशकर
आणि सपाटे किती मारायचे ते कुणीच सांगितलं न्हाई.

लोखंडी_सपाटा
नवे असाल तर २०-२० चे तीन सेट, दिवसाआड. टाच उचलली जात असेल तर वेग कमी करा आणि खाली जितकं स्थिर बसता येतं तितकंच बसा. पाचशेचं दादांवर सोडा. क्रिएटिनचा मुद्दा मीठ_मोजून यांनी निम्मा पटवला. एकटं मोनोहायड्रेट, ३ ग्रॅम, दुसऱ्या महिन्यापासून, इथवर येतो.

मीठ_मोजून
पहिल्या महिन्याने काय घोडं मारलंय ते अजून सांगितलं नाहीत.