मदत हवी आहे: तुरुंगातल्या पती-पत्नीच्या खासगी भेटीबद्दल लेखी म्हणणं द्यायचंय, वहिनीची बाजू कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ सहा वर्षांपासून आत आहे. शिक्षा लागलेली आहे आणि त्याने केलं ते चूकच होतं, त्यावर मला इथे वाद घालायचा नाही. त्याच्या तुरुंगात नवरा-बायकोला एकांतात भेटू द्यावं का, यावर कैद्यांच्या घरच्यांकडून लेखी म्हणणं मागवलंय. घरात लिहायचं काम नेहमी माझ्याकडेच येतं. मी एका बैठकीत दोन पानं लिहून काढली आणि वहिनीला वाचायला दिली. तिने वाचली, घडी घालून परत दिली आणि एवढंच म्हणाली, "यात मी कुठे आहे?"

मी काय लिहिलं होतं ते थोडक्यात सांगते. पंजाबात 2022 साली गोइंदवाल साहिबच्या तुरुंगात अशा भेटी सुरू झाल्या. त्याआधी 2014 मध्ये पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने हा विषय घटनेच्या कलम 21 शी जोडला होता, म्हणजे सन्मानाने जगण्याच्या हक्काशी. इटलीच्या घटनात्मक न्यायालयानेही 2024 मध्ये सांगितलं की जोडीदाराच्या भेटीवर पहारेकऱ्याची नजर सरसकट असता कामा नये. यातलं खोटं काहीच नाही. पण दोन्ही पानांवर कैदी, कैद्याचा हक्क, कैद्याची सुधारणा. बायको आली ती फक्त 'भेटायला येणारी व्यक्ती' म्हणून.

आत्ताची भेट कशी असते ते पाहिलेल्यांनाच कळेल. मध्ये काच, बोलणं फोनवर. शेजारच्या खिडक्यांतूनही लोक ओरडून बोलत असतात, त्यामुळे वहिनी रिसीव्हर इतका दाबून धरते की बाहेर येते तेव्हा तिचा एक कान लालभडक झालेला असतो. वेळ पुरत नाही म्हणून ती तळहातावर पेनाने मुद्दे लिहून जाते: शाळेची फी, आईच्या गोळ्या, बँकेच्या कागदावरची सही. मागच्या वेळी बाहेर आल्यावर मी तिचा हात बघितला. शेवटच्या ओळीत नुसतं 'मी' लिहिलेलं होतं. तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती.

मग मी तिला नीट बसवून विचारलं, तुला हवंय की नको? ती म्हणाली, हवंय, पण असं नको. गेटवर नाव लिहिताना तिथल्या प्रत्येकाला कळणार की ही कशासाठी आली. गोइंदवालला भेट दोन तासांची, त्यासाठी लग्नाचा दाखला आणि दोघांनाही एचआयव्ही, क्षयरोग वगैरे नसल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, एखाद्या महिन्यात मला जावंसं वाटलं नाही तर? मी नाही म्हटलं तर ते आत बसून काय काय मनात घेतील? आणि ही भेट चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस म्हणून दिली, तर त्यांनी आत कुणाशी भांडण केलं की शिक्षा मला.

या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. बक्षीस म्हणू नये तर प्रशासन का ऐकेल? हक्क म्हणावं तर ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना काय वाटेल? कुणी असं म्हणणं लिहिलं असेल किंवा यात काम केलं असेल तर कृपया सुचवा. मुदत आठ दिवसांची आहे.

निळी_शाई:
ताई, अर्जदार बदला. म्हणणं वहिनींच्या नावाने, 'मी'ने सुरू होऊ द्या. 2022 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने एका जन्मठेपेच्या कैद्याला 15 दिवसांचा पॅरोल दिला तो पत्नीच्या अर्जावर. तिला मूल हवं होतं, आणि तिने काही गुन्हा केलेला नाही हे न्यायालयाने लक्षात घेतलं.
दुसरं, 'वैवाहिक भेट' ऐवजी 'कौटुंबिक भेट' मागा. कॅनडात तुरुंगाच्या आवारातच छोटं घर असतं, 72 तासांपर्यंत राहता येतं, मुलं आणि आईवडीलही येऊ शकतात, स्वयंपाक आपला आपण करायचा. फ्रान्समध्येही 2003 पासून तसंच आहे, 6 ते 72 तास. मग गेटवर कुणाला काही वेगळं कळत नाही. आणि कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत आहे की अशी भेट जिथे चालते तिथे स्त्री कैद्यांनाही ती पुरुषांच्या बरोबरीने मिळावी, ते जरूर घाला. आत असलेल्या बायकांसाठी कुणी बोलत नाही.

रिकामी_खुर्ची:
मी दुसऱ्या बाजूची आहे. माझा भाऊ मारला गेला. हे वाचताना त्रास झाला, खोटं कशाला सांगू. माझ्या वहिनीला कुठलीच भेट मिळणार नाही. तरी तुमच्या वहिनींचा राग येत नाही. एकच विनंती, 'सगळ्यांना सरसकट' असं लिहू नका. ज्याने बायकोलाच मारहाण केली त्याच्यासमोर तिला बंद खोलीत पाठवू नये. प्रत्येक वेळी आधी तिला एकटीला, बाईमाणसाने विचारावं, आणि तिचा नकार त्याच्यापर्यंत जाऊ नये. वेळ मिळाली नाही एवढंच त्याला सांगावं.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. रिकामी_खुर्ची, तुमचा मुद्दा वहिनीला वाचून दाखवला. तिने तो स्वतःच्या हाताने कागदावर पहिला लिहिला. त्याखाली लिहिलंय, "दोन तासांची खोली नको. एक दिवस द्या, मी मुलीला घेऊन येते. वर्तणुकीचा हिशेब त्यांच्या शिक्षेतल्या सुटीत करा, माझ्या भेटीत नको."
आता एकच अडकलंय. ती वैद्यकीय तपासणी तुरुंगाबाहेर, आपल्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे करून घेऊ द्या आणि अहवाल बंद पाकिटात फक्त तुरुंगाच्या डॉक्टरांकडेच जाऊ द्या, असं तिला मागायचंय. हे कुठल्या शब्दांत लिहावं? यात कुणी वकील असतील तर प्लीज सांगा.