मागचं लॉन काढून वाफे करायचेत, गवत कापून जीव गेलाय, मदत हवी आहे

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत, घर घेऊन चार वर्षं झाली आणि एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवार मोवरच्या मागे जातो. पुढचं लॉन राहू दे, पण मागे साधारण १२०० स्क्वेअर फुटांचा उतार आहे, तिथे मोवर ढकलून नवऱ्याची कंबर धरते आणि तिथे कोणी बसत नाही की खेळत नाही, नुसती हरणं येऊन चरतात (त्यांनीच नीट खाल्लं असतं तर प्रश्नच नव्हता). तेवढं काढून फुलझाडं लावायचं डोक्यात आहे.

खणणं जमणार नाही, चिकणमाती आहे, टोमॅटोच्या एका वाफ्यातच हात टेकले. यूट्यूबवर बघितलं की गवतावरच पुठ्ठे अंथरून ओले करायचे, वर कंपोस्ट आणि मल्च (मातीवर पसरायचे लाकडाचे, सालीचे तुकडे), मग गवत खाली कुजतं. दिवाळीपर्यंत घातलं तर मेमध्ये झाडं लावता येतील का? उतारावरून मल्च वाहून जाईल का? आणि खरं सांगा, कापणं वाचेल पण जुलैच्या उन्हात मी तण उपटत बसेन असं तर नाही ना होणार? सासूबाई म्हणतायत सगळीकडे पुदिना लाव, विषय संपला.

प्रतिसाद १:
पुठ्ठे चालतात, आम्ही केलंय, आत्ता घातलंत तर मेपर्यंत छान होईल. चिकटपट्टी सोलून काढा आणि पुठ्ठे सहा इंच तरी एकमेकांवर चढवा, फट दिसली की गवत डोकं काढतंच. तण अडवायला अंथरतात ते काळं कापड (वीड फॅब्रिक) अजिबात नको, वर माती साठून तण त्याच्यातच मुळं धरतं आणि उपटताना रडू येतं. तीन इंच थर धरला तर एक क्युबिक यार्ड मल्च शंभरेक स्क्वेअर फुटांना पुरतं, म्हणजे तुम्हाला बाराएक यार्ड, पोती आणू नका, ट्रकने मागवा. सालीचे मोठे तुकडे पावसात वाहतात, श्रेडेड हार्डवुड (लाकडाचा तंतू-तंतू केलेला चुरा) घ्या, ते एकमेकांत अडकून बसतं.

प्रतिसाद २:
ताई, छोटे छोटे वाफे करू नका. आम्ही केले आणि आता प्रत्येकाभोवती मोवर फिरवा, मग कडा ट्रिम करा, पूर्वीपेक्षा जास्त वेळ जातो. एकच मोठा करा, कड अशी की मोवर मागे न घेता वळला पाहिजे, आणि कडेने चार इंच चर ठेवा कारण केंटकी ब्लूग्रास जमिनीखालून आत घुसतं. तण पहिली दोन वर्षं उपटावंच लागतं, झाडं दाटून माती दिसेनाशी झाली की कमी होतं. झाडांत होस्टा म्हणजे हरणांची कोशिंबीर, पण बी बाम, कॅटमिंट, डॅफोडिलला ती सहसा तोंड लावत नाहीत. पुदिना कुंडीतच, नाहीतर पुढच्या वर्षी पुदिना काढायचा धागा काढाल.

मूळ धागाकर्ती:
बापरे, मी कागदावर पाच छोटे वाफे काढले होते! आणि बारा यार्ड म्हणजे ड्राइव्हवेत डोंगर. मग यंदा अर्धाच उतार करते, पण आधी वरचा की खालचा?