जेफरसनची भाजीबाग नेमकी कुणाची?

घाटमाथा: काल इथे एकानं लिहिलं, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन यानं वर्जिनियातल्या आपल्या मोंटिचेलो इस्टेटीच्या भाजीबागेत ३३०च्या आसपास वाण स्वतः पिकवले, आपल्या पुढाऱ्यांनी शिकावं. वाचून राहवलं नाही. १,००० फूट लांबीची ती पट्टी डोंगर खोदून सपाट केलीय, खाली दगडी ताल. १८०६च्या सुमारास भाड्यानं आणलेल्या गुलामांनी ती माती उपसली. बी पेरणं, खत घालणं वर्मली ह्यूज या त्याच्या गुलाम माळ्याकडे. लेखात त्याचं नाव नाही.

रानमेवा: म्हणजे जेफरसननं काहीच केलं नाही? १७६६ ते १८२४ बागेची वही ठेवली. वाटाणा कधी पेरला, ताटात कधी आला, काय वाया गेलं, सगळं लिहिलं. अशी वही आमच्या घरी असती तर आजीच्या काटेरी वांग्याचं बियाणं हरवलं नसतं.

घाटमाथा: लिहायला सवड लागते. आमच्या वाड्यातली बाग आजोबांची म्हणायचे. रहाट ओढणाऱ्या गड्याचं नाव आज घरात एकालाही सांगता येत नाही.

वर्जिनियाकर: हरणांचं बोला! त्या बागेला १० फुटी कुंपण होतं, सशाचं पिल्लू शिरणार नाही इतक्या जवळ फळ्या. आमची सोसायटी उंच कुंपण घालू देत नाही. मेथी, भेंडी सगळी फस्त.

कोथिंबीर: साबणाच्या वड्या टांगा.

वर्जिनियाकर: टांगल्या. साबणाशेजारी उभं राहून भेंडीचे शेंडे खाल्ले.

कोथिंबीर: जाळी लावा मग. दरवर्षी तेच रडगाणं!

वर्जिनियाकर: गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्यांनी शिकवू नये.

घाटमाथा: हरणं पुरे. ती भेंडी अमेरिकेत रुजली आफ्रिकेतून ओढून आणलेल्या माणसांमुळे. आणि एवढी बाग असून जेफरसनचं घर गुलामांकडून काकड्या, कोबी, अंडी विकत घ्यायचं. नात ॲनच्या १८०५ ते १८०८च्या हिशेबात आहे. दिवसभर मालकाचं राबून उरल्या वेळात पिकवलेलं ते.

रानमेवा: हिशेबाचं पटलं. पण ती वहीही त्याच घरातली. लिहिलं म्हणून आज तुमच्या हाती पुरावा आहे.

घाटमाथा: पुरावा आहे, मग लेखात का नाही?

रानमेवा: बरं, ह्यूजचं नाव हवंच. जेफरसनचं मात्र खोडू देणार नाही.