विचार करणं वावरात शिकलो

भाऊ, 'चांगला विचार करणं उपजतच असावं लागतं, शिकून येत नाही' हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. मी ते शिकलो, तेही पस्तिशीनंतर.

आमच्या यवतमाळकडे शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की आपणही पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं, हीच रीत. एका वर्षी मी थांबलो. शिफारस साधी आहे: वावरात फिरून २० हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, २ किंवा जास्त बोंडांत गुलाबी अळी दिसली तरच फवारणी. धुऱ्यावर बसून फोडली. एकाच बोंडात निघाली. आठ दिवसांनी पुन्हा फोडली, ४ किडकी निघाली, मग फवारलं.

यातली खरी गोष्ट अशी, की किती निघाल्यावर काय करायचं हे मोजायच्या आधीच ठरलेलं होतं. नाहीतर घाबरलेलं मन एका अळीच्या दहा करतं.

तेव्हापासून वहीत तारीख, निर्णय आणि त्यामागचं कारण लिहितो. हंगाम संपला की वाचतो. सोयाबीन विकायची घाई मी सलग तीन वर्षं निव्वळ भीतीपोटी केली, हे मला त्या वहीनेच दाखवलं.